गोळा पडवीतच आहे

काल रात्री तुझं स्टेटस बघितलं. आधी वाघाची डरकाळी, मग डीजेचा दणका, मग नेत्याचा गॉगल लावलेला फोटो आणि खाली ती ओळ. ओळ इथं लिहीत नाही, तुला पाठ आहेच. मी फोन पालथा घातला आणि चौथीच्या वह्या तपासायला घेतल्या. एकाच गणिताला तीन वह्यांत तीन वेगळे गुण दिले, तेव्हा म्हटलं, आधी हिच्याशी बोलून घ्यावं.

शनिवारी तू येशीलच, पण तेव्हा अण्णा घरात असतील. अण्णा असले की आपल्याकडं बोलणं होत नाही, सभा होते. म्हणून लिहून ठेवते. चिडलीस तर चीड, फक्त शेवटपर्यंत वाच.

'पोरीच्या जातीनं राजकारणात पडू नये' असलं काही मी सांगणार नाही. ते ऐकून ऐकून आपल्या आईचे कान किटले. तिनं मत कुणाला दिलं हे तिला कुणी कधी विचारलं नाही, कारण तिला मत असेल असं कुणाला वाटलंच नाही. तुला मत आहे, ते तू मोठ्यानं सांगतेस, मला ते आवडतं. २०२४ च्या लोकसभेला तू सतरा वर्षांची होतीस. २०२९ ची लोकसभा तुझी पहिली. त्याआधी बाकीच्या निवडणुका येतील न् जातील, पण खरा ताप चढतो तो लोकसभेला. तो कसा चढतो, हे तू घरातून पाहिलंस. मी बाहेरून पाहिलं, थोडं आतूनही. आणि एकदा माझ्या हातूनही तो वाढला. त्याचं आधी सांगते, म्हणजे अक्का उंचावर बसून बोलतेय असं तुला वाटणार नाही.

२०२३ चा ऑक्टोबर आठव. १ सप्टेंबरला जालन्याच्या अंतरवाली सराटीत आरक्षणाच्या उपोषणाच्या जागी लाठीमार झाला, तेव्हापासून आपला बीड जिल्हाही धगधगत होता. गावोगावी वेशीवर नेत्यांना गावबंदीचे फलक लागले होते. ३० ऑक्टोबरला माजलगावात आमदाराचं घर पेटलं, नगरपालिका पेटली. बीडमध्ये आमदाराचं घर, पक्षाचं कार्यालय. त्या दिवशी माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. पोरं दगड मारतायत, एक बाई ओरडतेय, आणि खाली मजकूर, 'आत्ताचं, आपल्या शेजारच्या गावातलं'. माझे हात थरथरत होते. मी तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. विचार केलाच नाही. नंतर तुझ्या भाच्यानं, आठ वर्षांच्या पोरानं, मागून बघून विचारलं, "आई, हे लोक हिंदीत का ओरडतायत?"

मी कान देऊन ऐकलं. हिंदीच. मागं दुकानाची पाटी होती, तीही मराठी नव्हती. तो व्हिडिओ आपल्या जिल्ह्याचा तर सोड, राज्याचाही नसावा. पुसायला गेले तर फिरतंय नुसतं चाक. इंटरनेट बंद केलेलं होतं. आता गंमत बघ, बीड बंद होतं, पण पुण्या-मुंबईतली भावकी चालू होती. आपण इथं अंधारात बसलेलो आणि माझा व्हिडिओ चिंचवडहून ठाण्याला निघालेला. नेट आल्यावर पहिला निरोप आला तो आमच्याच शाळेतल्या एका बाईंचा. दहा वर्षं एका डब्यात जेवलो होतो आम्ही. त्यांनी फक्त स्क्रीनशॉट पाठवला होता, माझ्या नावाचा. त्याखाली काहीच लिहिलं नव्हतं. मी माफी मागितली, त्या 'असू द्या बाई' म्हणाल्या. डबा मात्र त्या आता पाचवीच्या वर्गात बसून खातात.

म्हणजे बघ, मी काही कट केला नव्हता. मला खरंच भीती वाटली होती. अशा वेळी ताप वाढवणारे सगळे गुंड नसतात. निम्मे तर घाबरलेले असतात, आणि घाबरलेल्या माणसाला आपण पुण्याचं काम करतोय असंच वाटत असतं. म्हणून तुझं ते स्टेटस बघून मी तुला वाईट ठरवलं नाही. मला तो माझा थरथरणारा हात आठवला.

आता तू म्हणशील, पण आपल्यावर अन्याय झालाय की नाही? 'आपल्यावर' म्हणजे कुणावर, हे मी इथं लिहिणार नाही. एक तर मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, मला बाजू घेता येत नाही. दुसरं म्हणजे हे तुझ्याबरोबर आणखी चारजणी वाचतील आणि पहिल्या ओळीपासून आडनाव शोधतील. आडनाव कळलं की पुढचं कुणी वाचत नाही. अन्याय दोन्हीकडं आहे, हे मात्र मी कुणासमोरही म्हणेन. कापसाला भाव नाही, तो आडनाव बघून नाही असं नाही. आरक्षण मागणारा पोरगा आणि आपलं आरक्षण जाईल म्हणून धास्तावलेला पोरगा एकाच लायब्ररीत, एकाच पंख्याखाली बसून तलाठी भरतीचा अभ्यास करत होते. जागा थोड्या आणि पोरं ढीगभर, हे खरं भांडण. ते भांडण सरकारशी करायचं असतं. पण सरकार मुंबईत, आणि शेजारी भिंतीपलीकडं. हात कुठं पोचतो ते तूच सांग.

आणि ज्यांच्यासाठी तू तुझ्या मैत्रिणीला ग्रुपमधून काढलंस, त्यांचं बघ जरा. २०१९ च्या विधानसभेला परळीत धनंजय मुंडे विरुद्ध पंकजा मुंडे, चुलत बहीणभाऊ, अशी लढत झाली. तेव्हा दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलं होतं. २०२४ च्या लोकसभेला भाऊ बहिणीच्या प्रचाराला! समोरचे बजरंग सोनवणे मार्च महिन्यापर्यंत अजित पवारांच्या राष्ट्रवादीत होते, तिथून शरद पवारांकडं आले आणि उमेदवार झाले. मी नावं ठेवत नाही, राजकारणात माणसं जागा बदलतात, तो त्यांचा धंदा आहे. त्याच निवडणुकीत बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या होत्या. त्यांच्या घरातल्या दिवाळीचं त्यांचं त्या बघतील. माझं म्हणणं इतकंच, की त्यांच्याकडं परत येण्याचा रस्ता असतो. ते आज भांडतील, उद्या एका गाडीत बसतील. तुमच्या गावात एकदा तुटलं की परत जोडायला मध्यस्थ कोण येणार? तुम्ही दोघींनी पुन्हा बोलायचं ठरवलं तरी चार पोरं कट्ट्यावरून विचारतील, 'काय, पक्ष बदलला का?'

१३ मे २०२४. बीडचं मतदान. मी मतदान अधिकारी क्रमांक दोन, दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी. क्रमांक दोन म्हणजे शाई. नोंदवहीत सही घ्यायची, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची, चिठ्ठी द्यायची. आदल्या दिवशी उन्हात रांगेत उभं राहून साहित्य घेतलं, एसटीनं गावात पोचलो, शाळेच्याच वर्गात सतरंजीवर झोपलो. झोप कसली, मच्छर, आणि मंदिराच्या पारावर रात्रभर कुजबुज. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. खरं मतदान सातला, त्याच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतं टाकून, मोजून, मशीन बरोबर चालतंय हे दाखवायचं आणि मग ती पुसायची. दोन्ही बाजूंचे पोलिंग एजंट समोर बसलेले. एकमेकांकडं बघत नव्हते. मशीनकडं मात्र दोघंही सारख्याच संशयानं बघत होते, तेवढी एकी होती.

अकराच्या सुमाराला एक सून आली. कडेवर पोर, कार्डावरचा फोटो लग्नाआधीचा. एका बाजूचा एजंट, पोरसवदा, तुझ्याहून चारेक वर्षांनी मोठा असेल, उठून म्हणाला, "ही ती नाहीच. बोगस आहे." आवाज चढला. बाहेरच्या रांगेत लगेच हालचाल. मला घाम फुटला. आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत 'बोगस' हा शब्द काडीपेटीसारखा होता.

आमचे केंद्राध्यक्ष एक म्हातारे मास्तर, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. ते शांतपणे म्हणाले, "आक्षेप घ्यायचाय? घ्या की. दोन रुपये जमा करा."

पोरगा गडबडला. नियमच आहे तसा. मतदाराच्या ओळखीला आक्षेप घ्यायचा तर एजंटनं आधी दोन रुपये रोख भरायचे. चौकशी होते. आक्षेप खोटा आणि उगाच घेतलेला ठरला तर ते दोन रुपये सरकारजमा. पोरानं खिसा चाचपला. फोन होता, पाचशेची नोट होती. मास्तरांकडं सुटे नाहीत. फोनवरून पैसे घेण्याची सोय निवडणूक आयोगानं केलेली नाही. सगळं केंद्र थांबलेलं. तेव्हा समोरच्या पक्षाच्या एजंटनं, मिशीवाल्या एका काकांनी, बंडीच्या खिशातून दोनचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "घे. रांग उन्हात उभी आहे."

चौकशी झाली. सासऱ्याचं नाव, घर कुठं, शेजारी कोण. तिनं सगळं सांगितलं आणि वर त्या पोराला म्हणाली, "आणि मी कोण ते तुझ्या आईला विचार. तिसरी उभी आहे रांगेत." खरंच होती. आईनं दारातूनच लेकाला जे काही ऐकवलं, ते मी इथं लिहिलं तर हे छापायचं कुणी नाही. सुनेनं मत दिलं. मी तिच्या बोटाला शाई लावली. दोन रुपये सरकारला गेले.

आता यावरून 'बघ, माणुसकी कशी जिवंत आहे' असं मी म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत ते दोघं एजंट पुन्हा बोलले नाहीत. पण त्या बंद खोलीत एक गोष्ट मला दिसली. आरोपाला तिथं किंमत होती. दोन रुपयेच, पण खिशातून काढावे लागायचे, आणि ज्याच्यावर आरोप केला तो माणूस समोर उभा असायचा, कडेवर पोर घेऊन. तुझ्या स्टेटसला काय पडतं?

निकाल ४ जूनला. वीस लाखांहून जास्त मतदारांच्या मतदारसंघात, रात्री उशिरापर्यंत ताणलेल्या मोजणीनंतर, फरक निघाला ६,५५३ मतांचा. हरणाऱ्याला वाटावं, आणखी दोन-चार गावांनी साथ दिली असती तर! आणि नेमकं तेच झालं. दुसऱ्या दिवसापासून फोनवर याद्या फिरायला लागल्या, कुठल्या बूथवर कुणाला किती.

हे नीट समजून घे, कारण याच्याबद्दल कुणी बोलत नाही. तुझं मत गुप्त असतं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद तुला दिसते आणि डब्यात पडते, बाहेर कुणाला काही कळत नाही. पण गावाचं मत गुप्त नसतं. मोजणी मशीनवार होते, एका मशीनला हजारेक मतदार, त्यामुळे कोणत्या वस्तीवर कुणाला किती, ते आकडे जाहीर होतात. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मिसळून मोजता यायच्या. मशीन आल्यावर ते गेलं. कित्येक मशीनची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरू द्या, असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं होतं. २०१५ मध्ये विधी आयोगानंही तेच म्हटलं. ते अजून वापरात आलेलं नाही. पक्षांना बूथचे आकडे हवे असतात, त्याशिवाय कोणत्या गावाला रस्ता द्यायचा आणि कुणाला वाट बघायला लावायचं हे कसं ठरणार? मशीन हॅक होतं का, यावर आपल्याकडं रात्र रात्र वाद. मला त्यापेक्षा या आकड्यांची जास्त भीती वाटते. आठशे मतदारांच्या गावात 'त्यांची' चाळीस घरं असतील तर कुणी काय केलं, हे शोधायला हॅकर कशाला पाहिजे? बोटांवर मोजता येतं.

आणि मग मोजलंच. या गावानं दगा दिला, त्या वस्तीनं फसवलं. कुठं 'त्यांच्या' दुकानातून मीठसुद्धा आणायचं नाही अशा शपथांच्या बातम्या आल्या. कटिंगची दुकानं वाटली गेली, चहाच्या टपऱ्या वाटल्या गेल्या. अगं, ऊसतोडीला जाताना टोळीत कुणी आडनाव विचारत नव्हतं, मुकादम उचल देताना फक्त कोयते मोजायचा. आई-अण्णा सांगलीकडं कारखान्यावर होते तेव्हा शेजारच्या कोपीत कोण राहायचं, तुला माहीत आहे? तू जिला ग्रुपमधून काढलंस तिची आजी. मी तिच्याच पाठीवर मोठी झाले. यावर जास्त बोलत नाही, आई सांगेल तुला कधीतरी.

आणखी एक गोष्ट आहे. लिहावी की नको असं झालं होतं. आरक्षणासाठी पोरांनी जीव दिले. त्या निकालानंतर, नेत्याचा पराभव सहन झाला नाही म्हणून, पोरांनी जीव दिले. पंकजाताईंना स्वतःला हात जोडून सांगावं लागलं, असं करू नका. जुलैत त्या विधान परिषदेवर गेल्या, डिसेंबरमध्ये मंत्री झाल्या. त्यांचा पराभव सहा महिन्यांत फिटला. मी हे त्यांना लागावं म्हणून सांगत नाही. कोणत्याही बाजूचं नाव घे, हिशोब हाच असतो. त्या घरांत मात्र अजून एक ताट कमी वाढलं जातं. तुझ्या ओळखीतला कुणी असं काही बोलायला लागला, 'आता जगून काय करायचं' वगैरे, तर ते राजकारण समजून सोडून देऊ नकोस. त्याला एकटा ठेवू नकोस, घरच्यांना सांग, मला रात्री दोनला फोन कर.

कायद्याचं थोडक्यात. निवडणुकीच्या निमित्तानं जात, धर्म, समाज, भाषा यांवरून वैर वाढवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५, तीन वर्षांपर्यंत कैद. निवडणूक नसली तरी भारतीय न्याय संहितेचं १९६ आहेच, जुनं १५३ अ. दुसऱ्याचं फॉरवर्ड केलं होतं, असं म्हणून सुटका होईल या भ्रमात राहू नकोस. आणि तू पोलिस भरतीची तयारी करतेयस, बाई! आठशे मीटर पळून, गोळा फेकून, लेखी काढून निवड झाली की साक्षांकन नमुना हातात येतो. त्यात विचारतात, कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का. खरं लिहिलं तर अडचण, लपवलं तर त्याहून मोठी. ज्या दादानं तुला ती डरकाळी बनवून पाठवली, त्याला कुठली भरती द्यायचीय? त्याच्या गाडीत पेट्रोल कोण टाकतं, ते एकदा विचारून बघ.

पोलिसांवरून आठवलं. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. खंडणीला आडवा आलेला माणूस. पण खुन्यांची चौकशी पुरी व्हायच्या आत जिल्हाभर आडनावांची चौकशी सुरू झाली, पोलिसांच्या सुद्धा. तेव्हा नव्यानं आलेले पोलिस अधीक्षक नवनीत काँवत यांनी सांगितलं, एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारा. मग टेबलांवरच्या आणि छातीवरच्या पाट्याही बदलल्या. नाव ठेवलं, आडनाव काढलं. मला आधी हसू आलं, पाटी बदलून काय होतंय! आडनाव माहीत नसेल असा माणूस आपल्याकडं आहे का? अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण परवा एका कामासाठी पोलिस ठाण्यात गेले होते. समोर बसलेल्या बाईंच्या पाटीवर नुसतं नाव. मी नकळत आडनाव शोधत होते, माझी नजर त्या पाटीच्या उजव्या कडेला जाऊन थांबली. तिथं काहीच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

तू त्या गणवेशात असशील तेव्हा तुझ्याही छातीवर नुसतं नाव असेल. तक्रार घेऊन येणारी बाई तुझं जुनं स्टेटस बघून आलेली नसावी, एवढं तुझ्या हातात आहे.

स्टेटस तर आज रात्री आपोआप जाईल. चोवीस तासच असतं, त्यामुळे ते काढ असं मी सांगतसुद्धा नाही. ग्रुपचं काय करायचं ते तू ठरव. माफीबिफी मागायला लावणार नाही. तुझी ती मैत्रीण पण काही कमी नाही, तिनं मागच्या महिन्यात काय टाकलं होतं तेही मी पाहिलंय. तिच्या आईनं मला दाखवलं, अगदी याच तोंडानं, जसं मी तुला आता लिहितेय.

पण तुम्ही दोघींनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेला तो गोळा मागच्या खेपेला तू घरी आणलास, तो अजून पडवीत पडलाय. एक आठवडा तुझा, एक आठवडा तिचा, असं ठरलं होतं ना? रविवारपासून तिचा आठवडा लागतो. कोण नेऊन देणार ते बघ. चार किलोचा आहे, मी उचलणार नाही.